८१ टक्के ‘सुरक्षित’, पण कशापासून? फ्लूच्या लशीवरच्या एका पेपरचं वाचन

मागच्या पोस्टनंतर दोन-तीन जणांनी विचारलं, की पेट परीक्षा झाली, आता मुलाखतीत ‘एखादा पेपर क्रिटिकली सांगा’ म्हणाले तर काय करायचं? क्रिटिकली म्हणजे नेमकं काय? तेव्हा आज व्याख्या न देता एक पेपरच घेऊन बसू. हा पेपर मी स्वतः एकदा चुकीचा वाचला होता, आणि ती चूक जर्नल क्लबमध्ये नाही, आमच्या गल्लीत पकडली गेली.

झालं असं. आमच्या शेजारच्या काकांची नात दहा वर्षांची आहे. तिला थॅलेसेमिया. मागच्या वर्षी मुंबईत तिचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, भावाचा मॅरो जुळला. घरी आल्यावर काही महिन्यांनी डॉक्टरांनी फ्लूची लस दिली. काकांनी मला जिन्यात गाठलं. “अगं, तू तर हेच शिकतेस ना? लस झाली, आता पोरीला शाळेत पाठवायला हरकत नाही ना?” मी त्याच आठवड्यात हा पेपर वाचला होता. मी अगदी आत्मविश्वासानं म्हणाले, “काका, ट्रान्सप्लांट झालेल्यांत लस चांगली काम करते, ८१ टक्क्यांपर्यंत संरक्षण मिळतं.”

त्या एका वाक्यात किमान चार चुका होत्या. ही पोस्ट त्या चुकांबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

भारतात पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली झालं. आज नाशिक, धुळे, नंदुरबारकडची थॅलेसेमिया, ल्युकेमिया किंवा अप्लास्टिक अ‍ॅनिमियाची मुलं मुंबई-पुण्याला जाऊन ट्रान्सप्लांट करून परत येतात. म्हणजे हा विषय काही परदेशातलाच नाही.

ट्रान्सप्लांटच्या आधी केमोथेरपी (कधी रेडिएशनही) देऊन रुग्णाचा स्वतःचा मॅरो रिकामा करतात. मग दात्याच्या मूळपेशी देतात. यात लहानपणापासून जमवलेली प्रतिकारस्मृतीही बऱ्याच अंशी पुसली जाते. न्यूट्रोफिल काही आठवड्यांत परत येतात, पण बी पेशी सावरायला साधारण ६ महिने ते वर्षभर किंवा जास्तही लागतं, आणि त्यांना मदत करणाऱ्या सीडी४ टी पेशी त्याहून रेंगाळतात. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटल्या (त्यालाच ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज म्हणतात), तर ती दाबायला औषधं द्यावी लागतात आणि सगळंच आणखी लांबतं.

लशीचं काम बी आणि टी पेशींच्या जोरावर चालतं. त्याच नसतील तर लस देऊन काय होणार? १९९३ साली एंगेलहार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की ट्रान्सप्लांटनंतर पहिल्या ६ महिन्यांत दोन डोस देऊनही प्रतिसाद मिळत नाही. म्हणून मार्गदर्शक तत्त्वांमध्ये साधारण ६ महिन्यांनंतर मृत विषाणूची (इनॅक्टिव्हेटेड) लस द्या असं असतं. साथ असेल तर त्याआधीही, अगदी ३ महिन्यांपासून, आणि मग पुढे दुसरा डोस.

तर प्रश्न असा उरतो: ज्यांचा प्रतिसाद कमी आहे त्यांना लशीचा डोसच मोठा दिला तर?

पेपर काय म्हणतो

नताशा हलासा आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१६ साली ‘बायॉलॉजी ऑफ ब्लड अँड मॅरो ट्रान्सप्लांटेशन’ या नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्टमधलं काम. साध्या लशीत प्रत्येक स्ट्रेनचं १५ मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन असतं, हाय डोसमध्ये चौपट, म्हणजे ६० मायक्रोग्रॅम. ही हाय डोस लस अमेरिकेत २००९ मध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी मंजूर झाली होती. हलासांच्या गटानं ती ट्रान्सप्लांट झालेल्या प्रौढांना देऊन पाहिली.

एकूण ४४ रुग्ण. चिठ्ठी टाकून (रँडमाइज करून) २९ जणांना हाय डोस, १५ जणांना साधा डोस. कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. ट्रान्सप्लांट होऊन किमान ६ महिने झालेले, मध्यक ७.९ महिने. निकाल: हाय डोसवाल्यांत इंजेक्शनच्या जागी दुखणं वगैरे जास्त, पण सौम्य. आणि एच३एन२ या स्ट्रेनविरुद्ध १:४० किंवा त्याहून जास्त टायटर असलेले हाय डोस गटात ८१ टक्के, साध्या गटात ३६ टक्के. पी व्हॅल्यू ०.००४.

आधी चांगलं काय ते सांगते, कारण क्रिटिकल वाचन म्हणजे फक्त खोड्या काढणं नव्हे. ट्रान्सप्लांटच्या रुग्णांवर रँडमाइज्ड, डबल ब्लाइंड अभ्यास करणं फार अवघड असतं. रुग्ण मुळात कमी, त्यातले बरेच आजारी. हा पहिल्या टप्प्याचा अभ्यास होता आणि त्याचं मुख्य काम सुरक्षितता बघणं हे होतं. मोठ्या अभ्यासाची गरज आहे, हे लेखकांनी स्वतः सांगितलंय. तेव्हा यातल्या बहुतेक चुका पेपरच्या नाहीत, माझ्यासारख्या वाचणाऱ्याच्या आहेत.

पहिला आक्षेप: सँपल लहान आहे (म्हणजे काय?)

मुलाखतीत दहापैकी नऊ जण ‘सॅम्पल साइज इज स्मॉल’ म्हणतात आणि थांबतात. थांबू नका. लहान आहे म्हणून नेमकं काय बिघडतं ते सांगा.

टक्के उलटे फिरवा. ३६ टक्के म्हणजे साधारण ५ माणसं. १४ पैकी ५ धरून ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला, तर तो साधारण १६ ते ६१ टक्के येतो. म्हणजे साध्या लशीचा खरा आकडा सहापैकी एकही असू शकतो किंवा निम्म्याहून जास्तही. एका माणसाचं टायटर एक पायरी इकडचं तिकडं झालं तर टक्का ७ नं हलतो.

आता दुसरी बाजू. तीन स्ट्रेन तपासले, एकातच ठळक फरक दिसला, म्हणजे हा योगायोग असेल, असाही आक्षेप येतो. मीही घेतला होता. मग हिशेब केला. तीन स्ट्रेन आणि दोन मापं (टायटर १:४० च्या वर असलेल्यांचा टक्का आणि सरासरी टायटर) म्हणजे ६ तुलना धरल्या आणि बॉनफेरोनी पद्धतीनं ०.००४ ला ६ नं गुणलं, तरी ०.०२४ येतात. ०.०५ च्या आतच. म्हणजे हा आक्षेप म्हणावा तितका टिकत नाही. जो आक्षेप आपल्याच हिशेबात टिकत नाही तो सोडून द्यावा, उगीच लांबण लावू नये.

मग लहान सँपलचा खरा तोटा कुठे? दोन ठिकाणी. एक, लहान अभ्यासात जो फरक ‘सिग्निफिकंट’ ठरतो तो बहुतेकदा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो, कारण लहान फरक तिथे उंबरठा ओलांडूच शकत नाही. म्हणून दिशा मान्य करा, ३६ वरून ८१ ही उडी मात्र जशीच्या तशी धरू नका. दोन, बाकीच्या दोन स्ट्रेनमध्ये फरक दिसला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. इतक्या कमी माणसांत तो दिसला नसण्याचीही शक्यता आहे.

दुसरा आणि मुख्य आक्षेप: १:४० म्हणजे काय?

मी काकांना ‘संरक्षण’ म्हणाले. पेपरात मोजलेलं होतं टायटर. या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे तेच या विषयाचं मर्म आहे.

टायटर काढायची पद्धत जुनी आणि साधी आहे. फ्लूचा विषाणू लाल रक्तपेशींना चिकटून त्यांची जाळी करतो. रुग्णाच्या सीरममध्ये विषाणूविरुद्ध अँटिबॉडी असतील तर ही जाळी होत नाही. मग सीरम दुपटीनं पातळ करत जायचं: १:१०, १:२०, १:४०, १:८०. ज्या शेवटच्या पायरीपर्यंत जाळी थांबते ते टायटर. म्हणजे ४० नंतर थेट ८०, मधलं काही नाही. दोन प्रयोगशाळांमध्ये एका पायरीचा फरक सहज पडतो. म्हणूनच यात साधी सरासरी न घेता भौमितिक सरासरी घेतात.

आता १:४० हीच रेषा का? तिचा उगम बहुतेक वेळा १९७२ च्या एका ब्रिटिश पेपरकडे नेला जातो. हॉब्सन आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना मुद्दाम फ्लूचा विषाणू देऊन पाहिलं, की आधीच्या टायटरचा आणि संसर्गाचा संबंध काय. साधारण १:१८ ते १:३६ टायटरला संसर्गाचा धोका निम्म्यानं कमी दिसला. तिथून गोळाबेरीज होऊन १:४० ही रेषा रूढ झाली आणि तिला ‘सीरोप्रोटेक्शन’ असं भारदस्त नाव मिळालं.

या नावात ‘प्रोटेक्शन’ आहे, पण मूळ अर्थ आहे: धोका सुमारे निम्मा. आणि तोही निरोगी प्रौढांमध्ये.

ही रेषा दुसऱ्या गटात नेली तर हलते का? हलते. २०११ मध्ये ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी ६ वर्षांखालच्या मुलांमध्ये हाच संबंध तपासला. तिथे एच३एन२ विरुद्ध १:४० टायटरला संरक्षण फक्त २२ टक्के आलं. ५० टक्क्यांसाठी १:११० लागलं. निरोगी लहान मुलांतच रेषा इतकी सरकते, तर ज्यांची टी पेशींची फळी अजून उभी राहतेय त्यांच्यात ती कुठे असेल? निरोगी माणसात अँटिबॉडी कमी पडली तर मागे टी पेशी असतात, श्लेष्मल त्वचेतली प्रतिकारशक्ती असते. १:४० चा आकडा ठरला तेव्हा ती सगळी फौज हजर होती. ट्रान्सप्लांटच्या रुग्णात तेच टायटर एकटं उभं असतं.

म्हणून ‘८१ टक्के सुरक्षित’ हे वाक्य चूक. बरोबर वाक्य असं: ‘एका स्ट्रेनविरुद्ध, साधारण महिन्याभरानंतर, ८१ टक्के लोकांचं टायटर त्या रेषेच्या वर होतं, जी रेषा निरोगी प्रौढांवरून ठरलेली आहे.’ लांबलचक आहे, मान्य. पण विज्ञानात वाक्य लांब झालं तरी चालतं, खोटं झालेलं चालत नाही.

तिसरा आक्षेप: या अँटिबॉडी कोणाच्या?

ट्रान्सप्लांटनंतर बऱ्याच रुग्णांना इम्युनोग्लोबुलिन (आयव्हीआयजी) देतात. ते हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं आणि त्यात फ्लूविरुद्धच्या अँटिबॉडीही असतात. म्हणजे रुग्णाच्या रक्तात दिसलेलं टायटर त्याच्या स्वतःच्या पेशींनी कमावलेलं असेलच असं नाही. या विषयावरचा कुठलाही पेपर हातात घ्याल तेव्हा मेथड्समध्ये आयव्हीआयजी शोधा. लशीआधीचं टायटर किती होतं तेही बघा, कारण नुसतं नंतरचं टायटर सांगणं आणि ते चौपट वाढलं (सीरोकन्व्हर्जन) असं सांगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि जे अभ्यासात नाहीत त्यांचंही काय? ६ महिन्यांपर्यंत जगलेले, पुन्हा आजार न उलटलेले, हॉस्पिटलला परत येऊ शकणारे, असेच लोक अभ्यासात येतात. पेठ किंवा सुरगाण्याच्या पाड्यावरून मुंबईला फॉलोअपला जाण्यात दोन दिवसांची मजुरी बुडते. असा रुग्ण अशा अभ्यासाच्या तक्त्यात कुठून येणार?

मग लस खरंच उपयोगी आहे का?

इथे थोडं थांबा, कारण एवढी टीका वाचून ‘म्हणजे लस फुकट’ असा निष्कर्ष कोणी काढला तर ती माझी पाचवी चूक ठरेल.

टायटर नाही, प्रत्यक्ष आजार मोजणारे अभ्यास या रुग्णांत फार थोडे आहेत. ब्राझीलमध्ये मचाडो आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ट्रान्सप्लांटनंतर ६ महिने उलटलेल्या रुग्णांत लस घेतलेल्यांना प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाला. सँपल इथेही लहान, आणि हा रँडमाइज्ड नव्हता. लस घेणारे रुग्ण मुळातच जास्त काळजी घेणारे असू शकतात. पण यात मोजलेली गोष्ट योग्य होती. गंमत बघा: एका पेपरची मांडणी उत्तम आणि माप अप्रत्यक्ष, दुसऱ्याचं माप थेट आणि मांडणी कच्ची. तुम्हाला दोन्ही एकत्र ठेवून विचार करावा लागतो. मी माझ्या गाइडना एकदा विचारलं होतं, की यातला ‘चांगला’ पेपर कोणता? त्या म्हणाल्या, “कोणत्या प्रश्नासाठी?”

डोस वाढवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे दोनदा देणं. कारास आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या रँडमाइज्ड अभ्यासात दुसऱ्याकडून मूळपेशी मिळालेल्या रुग्णांत दोन डोसांचा खास फायदा दिसला नाही. फरक दिसला तो वेळेचा: ट्रान्सप्लांटला वर्ष उलटलेल्यांचा आणि बी पेशी जास्त असलेल्यांचा प्रतिसाद चांगला होता. पुढे हलासांच्याच गटानं अमेरिकेतल्या अनेक केंद्रांवर १७० मुलांचा, ३ ते १७ वर्षं वयाच्या, रँडमाइज्ड अभ्यास केला. तो २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. हाय डोसचे दोन डोस विरुद्ध साध्या लशीचे दोन डोस. हाय डोसनं टायटर जास्त आली. काकांच्या नातीसाठी वाचायला हवा होता तो हा पेपर, प्रौढांचा नव्हे. आणि यातही मुख्य माप टायटरच आहे.

म्हणजे सात वर्षांत सँपल मोठं झालं, वयोगट बदलला, केंद्रं वाढली. पण रेषेचा प्रश्न तिथेच आहे. हाय डोसनं खरोखर आजार कमी होतो हे ६५ वर्षांवरच्या लोकांत दाखवायला २०१४ च्या अभ्यासात जवळजवळ ३२ हजार माणसं लागली, आणि फायदा आला सुमारे २४ टक्के. इतके ट्रान्सप्लांट रुग्ण कुठून आणायचे? यावर संशोधकांची अडचण खरी आहे. फक्त ती अडचण ‘सीरोप्रोटेक्शन’ या शब्दाखाली झाकली जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

आपल्याकडे आणखी दोन प्रश्न

एक, ऋतू. अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात येतो, लस त्याआधी शरद ऋतूत देतात. आपल्याकडे? मंदीप चढ्ढा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांची आकडेवारी मांडली. पुण्यासह बऱ्याच ठिकाणी मोठी लाट पावसाळ्यात येते, श्रीनगरला मात्र हिवाळ्यात. म्हणून आपल्या भागात लस एप्रिल-मेमध्ये देण्याचा विचार पुढे आला. त्यात २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ नं आपल्याला उन्हाळ्याच्या तोंडावर गाठलं होतं, ते आठवत असेल. ज्याची ‘६ महिन्यांची’ तारीख नोव्हेंबरात येते त्या रुग्णाला लगेच द्यायची की मेपर्यंत थांबायचं? आणि नोव्हेंबरात दिलेल्या लशीची टायटर जुलैपर्यंत टिकतील का? महिन्याभरानं घेतलेलं एक टायटर या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही. पीएचडीचा विषय शोधत असाल तर इथे एक आहे.

दोन, लशीचा प्रकार. २००९ च्या स्वाइन फ्लूनं पुण्यात काय हाहाकार माजवला ते आपल्यापैकी बहुतेकांना शाळेच्या सुट्टीमुळे आठवत असेल. २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं नाकात मारायची लस आणली, नॅसोव्हॅक. चांगली, सोपी, सुईशिवाय. पण ती जिवंत, दुर्बल केलेल्या विषाणूची होती, आणि अशी जिवंत लस ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती सावरलेली नसताना द्यायची नसते. ‘फ्लूची लस’ या चार अक्षरी उत्तरावर म्हणूनच थांबू नये. कोणती, हे विचारायला हवं.

काकांना दुसऱ्यांदा काय सांगितलं

पेपर पुन्हा वाचल्यावर मी त्यांच्या घरी गेले. म्हणाले, “काका, मी त्या दिवशी चुकीचं बोलले. तो आकडा मोठ्या माणसांचा होता, वेगळ्या जास्त ताकदीच्या लशीचा होता, आणि तो आजार टळल्याचा नव्हता, रक्तातल्या मोजमापाचा होता. शिवाय तो एकाच प्रकारच्या फ्लूचा होता. लस घेतली ते चांगलंच केलंत. पण शाळेचं मी नाही सांगू शकत, ते तिच्या डॉक्टरांनाच विचारा. ती अजून कोणती औषधं घेते, पेशी किती आल्यात, ते त्यांना माहीत आहे.”

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग आम्ही काय करायचं? नुसतं बसायचं?”

याचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं. “तुम्ही घेतली का लस? काकूंनी? तिच्या भावानं?” कोणीच घेतली नव्हती. ज्याच्या शरीरात लस नीट काम करेल याची खात्री नाही, त्याच्याभोवतीच्या निरोगी माणसांत ती जास्त चांगली काम करते. घरातल्या सगळ्यांनी लस घ्यावी हे मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहेच. त्या आठवड्यात घरातल्या चौघांनी इंजेक्शनची लस घेतली. मुलीच्या शाळेचा निर्णय डॉक्टरांनी पुढच्या तपासणीपर्यंत लांबवला.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या विषयातला असा एक पेपर घ्या, ज्यात मोजलेली गोष्ट आणि हवी असलेली गोष्ट वेगळी आहे. रक्तातली साखर आणि डोळ्यांची हानी, पिकाच्या पानातला नत्र आणि एकरी उतारा, काहीही चालेल. तीन ओळी लिहा: काय मोजलं, काय हवं होतं, आणि या दोघांना जोडणारी रेषा कोणावरून ठरली. मग तो पेपर घरातल्या कोणाला तरी समजावून सांगा, आणि त्यांनी ‘मग आम्ही काय करायचं?’ विचारलं की तुमचं कोणतं वाक्य डळमळतं ते बघा. कमेंटमध्ये लिहा, पुढच्या पोस्टमध्ये त्यातले दोन-तीन घेऊ.